मागची भिंत

१

नव्या बांधकामाला पाणी मारणं हे जगातलं सगळ्यात बिनडोक काम आहे आणि म्हणूनच ते मला आवडायचं. दिवसभर इंदापूरच्या साइटवर सेंट्रिंगवाल्यांवर ओरडून घसा बसलेला असायचा. संध्याकाळी बावड्याला, आमच्या मळ्यात पोचलो की बूट काढायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, मोटर चालू करायची आणि पाइप घेऊन आमच्याच अर्ध्या घराच्या भिंती भिजवत फिरायचं. लोकांची घरं बांधताना मी सुपरवायझर असतो, नुसतं तोंड चालवतो. स्वतःच्या घरावर मी पाणक्या होतो आणि त्यात खूश होतो.

दिवाळी नुकतीच झाली होती. भिंती डोक्याच्या वर गेल्या होत्या, स्लॅब अजून व्हायचा होता. त्यामुळे आत उभं राहिलं की चारी बाजूंनी विटा आणि वर मळकट आभाळ. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. मी हॉलमधून स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी मारत होतो आणि थोडी धार वरून पलीकडे जात होती.

"आरं, हिकडं नगं मारू. भिजती की मी."

आईचा आवाज. मी "बरं बरं" म्हणून पाइप वळवला.

"आन् तितं कशाला गेलीस? पाय घसरंल," मी म्हणालो. उत्तर आलं नाही. म्हणून पाइप खाली टाकून स्वयंपाकघरात डोकावलो. आत कुणी नव्हतं. त्या खोलीला जायला-यायला एकच वाट, हॉलमधून, आणि हॉलमध्ये मी उभा होतो. खिडकीला गज आधीच बसवलेले होते.

बाहेर आलो तर आई आमच्या पत्र्याच्या घरापुढं मांडीवर सूप घेऊन पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली. साडी कोरडी ठणठणीत.

"मगाशी आत हुतीस का गं?"

"न्हाय बा. गुडघ्यानं उठवतंय कुठं मला? हितंच हाय मगापास्नं."

रिकाम्या बांधकामात आवाज घुमतो. बाहेरचं बोलणं भलत्याच भिंतीवर आपटून भलत्याच बाजूनं येतं. मजुरांना मी स्वतः हे कितीदा समजावलंय. फक्त बाहेर बसलेल्या बाईला मी पाणी कुठं मारतोय हे दिसत नव्हतं. तो मुद्दा मी बाजूला ठेवला आणि मोटर बंद केली.

२

घर निघालं ते आईसाठी. लग्न होऊन लोणी भापकरहून आली तेव्हापासून सिंधुबाई पत्र्याखाली राहिली. उन्हाळ्यात भाजायचं, पावसात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. पेरूची बाग आली, ढोबळी मिरचीचं शेडनेट आलं, ट्रॅक्टर आला, मी डिप्लोमा करून लोकांचे बंगले उभे केले, आणि ती मात्र तिथंच. तिनं कधी तोंडानं मागितलं नाही. त्यामुळं मला जास्तच लाज वाटायची.

दसऱ्याला चौकट बसवली. आमच्याकडे जोतं झालं की आधी मुख्य दाराची चौकट उभी करतात, मग भिंती. त्यामुळे त्या दिवशी मळ्यात एक विचित्र दृश्य होतं. मोकळं जोतं, त्याच्या पुढच्या कडेला सागवानी चौकट, तिला आंब्याची पानं आणि झेंडू, आणि मागं-पुढं काहीच नाही. बारामतीहून खास करून आणलेली चौकट. जोतीराम मिस्त्रीनं ओळंबा लावून तिचा उभेपणा पाहिला, आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उंबऱ्याची पूजा केली.

आबा म्हणजे मोहनराव. रीत मोडली तर ते जेवत नाहीत. पूजा झाल्यावर घरातल्या प्रत्येकानं उजवा पाय टाकून चौकटीतून आत जायचं, क्षणभर थांबायचं आणि त्याच वाटेनं बाहेर यायचं. "चौकटीतनं आत, चौकटीतनंच भाईर," ते काठी आपटून सांगत होते. मी गेलो, आलो. माझी बायको निकिता गेली, आली. मग आई गेली. हिरवी साडी नेसलेली, डोक्यावर पदर. आत उभी राहून तिनं डोळे मिटले. तेवढ्यात तिला आठवलं की मागं चुलीवर नैवेद्याचं दूध ठेवलंय.

"आगं बया, दूध!" म्हणत ती तशीच मागच्या बाजूला वळली आणि गुडघे धरत जोत्यावरून खाली उतरली.

"आगं, तितं भिंत हाय!" आबा ओरडले.

नव्हतीच भिंत. नुसती चुन्याची रेघ होती. जोतीराम म्हणाला, "काकू भितीतनं आरपार गेल्या की वं!" आणि सगळे पोट धरून हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. आबा मात्र हसले नाहीत. तिला परत बोलावून नीट बाहेर काढा, असं ते म्हणत राहिले. आई "आले, आले" म्हणाली, मग पाहुण्यांना वाढण्यात गुंतली आणि ते राहूनच गेलं.

खरं तर नकाशात त्याच जागी स्वयंपाकघराचं मागचं दार होतं. पण त्याच आठवड्यात शेजारच्या उसात बिबट्या दिसला आणि शेळी गेली. "मागलं दार नगं. घराला दार एकच," आबा म्हणाले. मलाही पटलं. जोतीरामनं तिथं भिंत ओढून घेतली.

३

आईचं खाणं कमी झालं ते भिंती वर जाऊ लागल्या तेव्हा. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग भाजीत मीठ राहू लागलं. हाक मारली की उत्तर उशिरा यायचं, जणू ती कुठून तरी लांबून परत येऊन बोलत होती. मी चेष्टेनं म्हणायचो, "रेंज न्हाय का आई?" ती हसायची, पण तेही उशिरा.

मार्गशीर्षात स्लॅब टाकला. मिक्सर घुरघुरत होता, घमेल्यांची रांग लागली होती, मी वर उभा राहून सळया तपासत होतो. निकिता धावत आली. आईला, म्हणजे तिच्या सासूला, ती आत्या म्हणते. "खाली या. आत्यांना काहीतरी होतंय."

आई पत्र्याच्या घराबाहेर, लख्ख उन्हात बसली होती. दोन्ही हात डोक्यावर धरलेले.

"वर काय घातलंत रं? समदा अंधार केलात की."

"आई, ऊन हाय. बघ की."

"मला दिसंना." तिचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडे बघत होते. "कसली ओल आलीय. लई गार हाय हितं."

मी तिचा हात धरला. तो उन्हात असूनही माठासारखा गार होता. मी घाबरलो, आणि घाबरलो की मला राग येतो, म्हणून मी निकितावरच ओरडलो की आईला उन्हात का बसवलं. थोड्या वेळानं आईला दिसायला लागलं. त्या दिवशी ती आडवी झाली ती पुढं फारशी उठलीच नाही.

४

बारामतीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रक्त ठीक, साखर ठीक, डोकं ठीक. "वय झालंय," ते म्हणाले. साठीची बाई. मी भांडणारच होतो, निकितानं माझा शर्ट ओढला.

परत येताना गाडीत आई मागच्या सीटवर झोपली होती. निकिता गावातल्या शाळेत शिकवते, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना ती स्वतःच दटावते. ती हळू आवाजात म्हणाली, "एक सांगू? ओरडणार नसाल तर."

"सांग."

"परवा शाळेतून आले तेव्हा आत्या नव्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या. मला हात केला. बरं वाटलं, म्हटलं उठल्या एकदाच्या. चहा टाकला आणि दोन कप घेऊन निघाले, तर आत्या इकडं पत्र्याखाली झोपलेल्या."

"आधी तिकडं असतील, मग आल्या असतील."

"त्यांची हिरवी साडी होती अंगावर, दसऱ्याची. ती तर पेटीत आहे." तिनं आवाज आणखी हळू केला. "आणि खिडकीतून वळून आत गेल्या ना, तेव्हा लंगडल्या नाहीत. सरळ चालत गेल्या. मला तेच आवडलं नाही."

खिडकीला काच नव्हती, पलीकडून उजेड येतो, बाईमाणसाचा भास होऊ शकतो. मी हे सगळं तिला सांगितलं. ती फक्त "हं" म्हणाली आणि वळून आईच्या अंगावरची शाल नीट केली.

५

पौषात प्लास्टर सुरू झालं. एका सकाळी जोतीराम तंबाखू मळत माझ्याजवळ आला.

"साहेब, काकूंचं एक बरं हाय बघा. रोज येऊन बघावं तर घर झाडून लखलखीत. वाळूचा कण न्हाय. माझ्या कामावरच्या बायकांना मी सांगतो, बघा, मालकीणबाई असून झाडत्यात."

"कोण झाडतं?"

"काकू. दुसरं कोण? काल आतल्या खोलीत गुणगुणत हुत्या. मी म्हणलं काकू, धूळ बसती, छातीत जाईल. तर म्हणल्या, माझ्या घरातली धूळ मला काय करती."

आदल्या दिवशी आईला कुशीवर वळवायलासुद्धा आम्ही दोघं लागलो होतो. मी जोतीरामला काहीच बोललो नाही. तो गडी गप्पिष्ट, गावभर करील. पण मी आत गेलो. हॉल, मग स्वयंपाकघर. ओल्या प्लास्टरचा वास होता. फरशी बसायची होती, तरी खालचा कोबा स्वच्छ झाडलेला. ओट्याखाली विटांचे तुकडे चुलीसारखे मांडलेले होते. आणि मागच्या भिंतीवर, जिथं दार व्हायचं होतं तिथं, कमरेच्या उंचीपासून वर प्लास्टर घासलं गेलं होतं. हाताचे तळवे बराच काळ एकाच जागी फिरले की भिंत गुळगुळीत होते, तशी ती झाली होती.

मी स्वतःशी म्हणालो, मजुरांची बायका-पोरं आत येत असतील. दुपारी सावलीला बसत असतील. मग शेजारच्या आतल्या खोलीत कुणीतरी घसा खाकरला. माझी आई सासरी आल्यापासून कुठल्याही खोलीत शिरण्याआधी जसा हलकेच खाकरते, तसा. मी पळत बाहेर आलो. पळताना उंबऱ्याला ठेच लागली आणि नख निघालं.

६

त्याच दुपारी निकिता आईच्या डोक्याला तेल लावत होती. तिनं मला बोलावलं आणि बोटं दाखवली. आईच्या केसांच्या मुळांशी वाळू होती, सिमेंटच्या बारीक खपल्या होत्या. कित्येक दिवस ती गोधडीतून बाहेर आली नव्हती.

"आई," मी तिच्याजवळ बसलो. "तू तिकडं जातीस का गं?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "मी हितं हाय कुठं? मी तिकडंच हाय. आत गेले ती भाईर आलेच न्हाय. तुमी समदी हासलात."

एवढं शिकलेला माणूस मी, पण ते ऐकताच मला खात्री पटली आणि रडू आलं. निदान काय करायचं ते तरी कळलं होतं. राहून गेलेली रीत पुरी करायची. चौकटीतून आत, चौकटीतून बाहेर.

तेव्हाच तिला उचललं. निकितानं एक बाजू धरली. उंबऱ्यापर्यंत आई शांत होती. तिथं पोचल्यावर तिनं आत पाहिलं आणि तिचं सगळं अंग ताठ झालं. उजवा पाय उचलेना. मी वाकून पाऊल हातानं उचललं, तर ते चौकटीत जाईना. मधे काही नव्हतं, नुसती हवा, पण पाऊल पुढं सरकेना.

"ती सराकना," आई म्हणाली. "दारातच हुबी हाय. आत जागा न्हाय म्हणती."

७

माघात वास्तुशांत ठरली. आदल्या दिवशी सकाळी मी आबांना सांगितलं की स्वयंपाकघराची मागची भिंत फोडणार. दसऱ्याला आई जिथून उतरून गेली, तिथून त्या आत राहिलेल्या दुसरीला बाहेर यायला वाट द्यायची. दोघी एकदा समोरासमोर आल्या की सुटतील. माझ्याजवळ याहून शहाणा उपाय नव्हता.

मला वाटलं आबा मला वेड्यात काढतील. ते काठीवर हनुवटी टेकून बसून राहिले.

"नगं फोडू," ते म्हणाले.

"आबा, आई चाललीय. दिसत न्हाय का तुमाला?"

"दिसतंय की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी रोज दुपारी जातो तितं. तुमी समदी कामाला जाता तवा. आतल्या खोलीत भितीला टेकून बसतो. ती शेजारच्या खोलीत असती. बोलती. सोयरीक झाली तवाचं समदं बोलती. गाणं म्हणती. गुडघं दुखत न्हाईत रं तिचं. हासती."

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो.

"तितली बरी हाय, आविराज. हितली रातभर कण्हती. मला ऐकवत न्हाय."

आयुष्यात पहिल्यांदा मी वडिलांच्या अंगावर ओरडलो. "ती कोण हाय ठाव न्हाय आपल्याला! ही माझी आई हाय, ही, गोधडीतली!" आबा उठले आणि नव्या घराच्या पुढच्या दाराशी जाऊन बसले. दार दोनच दिवसांपूर्वी बसवलं होतं. किल्ली त्यांच्या कमरेला होती.

८

मजूर गेल्यावर, दिवस मावळायच्या आधी, मी पहार आणि छिन्नी घेऊन मागं गेलो. निकितानं आईला खुर्चीत बसवून भिंतीसमोर आणलं. शाल गुंडाळलेली, मान एका बाजूला पडलेली. इतकी हलकी झाली होती की निकितानं एकटीनं खुर्ची उचलली.

आपल्याच हातानं नवी भिंत फोडणं सोपं नसतं. बाहेरचं प्लास्टर सुटलं, मग विटा दिसल्या. एक वीट हलवून ओढून काढली, दुसरी काढली. पहिलं भोक पडलं तेव्हा आतून गार हवा आली, विहिरीत डोकावल्यावर येते तशी. मी थांबून कानोसा घेतला. आत कुणीतरी श्वास घेत होतं, अगदी भिंतीला लागून.

तिसरी वीट मी हलवत होतो, तेव्हा ती आतून ढकलली गेली आणि आपोआप माझ्या हातात आली.

मग चौथी. मी हातही लावला नव्हता. भोकाच्या कडेवर बोटं आली. आईची बोटं, अंगठ्याशेजारच्या बोटावर विळ्याची जुनी खूण असलेली. पण भरलेली, गुबगुबीत, मनगटात हिरव्या बांगड्या, आणि सगळ्यावर सिमेंटची पांढरी भुकटी. ती बोटं एकेक वीट ढिली करून पाडत होती, माणूस वाकून जाईल एवढं भगदाड होईपर्यंत, आणि घाई नव्हती त्यांना. मी पहार टाकली आणि मागं सरलो. निकितानं तोंडावर हात ठेवला होता.

तेवढ्यात खुर्ची वाजली. आई उभी राहिली. कितीतरी दिवसांनी ती आपल्या पायावर उभी होती. शाल गळून पडली. ती पाय ओढत भगदाडाकडे गेली.

"आई, तू न्हाय जायचं! तिला भाईर येऊ दे!" मी तिचा दंड धरला. हाताला काहीच लागलं नाही असा तो बारीक होता.

तिनं माझ्याकडं बघितलं. "बलावतीय रं ती," ती म्हणाली. आतल्या हातानं तिचं मनगट धरलं, हळुवार, पाहुणीला आत घ्यावं तसं. आई वाकली आणि आत गेली. तिची पावलं अंधारात ओढली गेली आणि मला फक्त भोक दिसत राहिलं.

मी आत शिरणार तेवढ्यात पुढून आबांची हाक आली. "आविराज! दार!"

९

धावत पुढं गेलो. निकिताही माझ्यामागं आली. आबा उंबऱ्यासमोर उभे होते, किल्ली कुलपात फिरवलेली, पण दार आतून लावलेलं. आतून चालण्याचा आवाज येत होता. ठाम, सरळ पावलं. बोल्ट सरकला. दार उघडलं आणि चौकटीत आई उभी राहिली.

उजवा पाय टाकून ती बाहेर आली. डोक्यावर पदर, गाल भरलेले, पाठ सरळ. अंगावर हिरवी साडी. तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली आणि मावळतीकडे बघून लांब श्वास घेतला.

"लई दीस झालं भाईर येऊन," ती म्हणाली.

आबा रडत होते. "सिंधू," एवढंच म्हणत होते. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे आली आणि माझा हात आपल्या हातात घेतला. तो हात ऊबदार होता. क्षणभर, देवाशपथ, मला वाटलं की जमलं. दोघी एक झाल्या, आई बरी झाली. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठी मारणार होतो.

निकिता माझ्या बाजूला सरकली. ती दाराकडे बघत होती. "अहो," ती म्हणाली. "मगाशी खुर्चीत बसवलं तेव्हा आत्यांच्या अंगावर जुनं विटकं लुगडं होतं. ते कुठंय?"

दार हळूहळू मिटलं. वारा नव्हता. मग आतून बोल्ट लागला. फार हळू, थांबत थांबत, अशक्त माणसानं दोन्ही हातांनी रेटावा तसा.

"आत कोण हाय?" मी विचारलं.

"म्हातारी," हिरव्या साडीतली म्हणाली. "लई थकलीय. पडू दे तिला. किती कण्हती बाई, मला आतनं ऐकू यायचं."

आबा मान हलवत होते, हो म्हणत असल्यासारखे. त्यांनी कुलपातली किल्ली काढून तिच्या हातात दिली होती.

आतून आवाज आला. अगदी बारीक. लाकडाच्या पलीकडून, खालून, कुणीतरी उंबऱ्याशी जमिनीवर बसल्यासारखा. "आवी. बाळा. मला दिसंना. हितं कुनीच न्हाय का रं?"

आवी मला एकच माणूस म्हणायचं. मी मागच्या भगदाडाकडे वळलो. नुसतं घराला वळसा घालायचा होता. तिथून आत शिरायचं, तिला उचलायचं, छातीशी धरायचं, बाहेर आणायचं. ती कशीही असो, कण्हत असो, ती माझी आई होती आणि ती आत एकटी अंधारात होती.

"बघू नगस तिकडं," माझ्याजवळची म्हणाली, मायेनं, आणि माझा हात सोडला नाही. मी ओढला. मग सगळा जोर लावून ओढला. निकिता दोन्ही हातांनी तिची बोटं उकलायला बघत होती, आणि माझी आई दाराआड मला हाका मारत होती.